ताकाला जाऊन भांडं का लपवायचं?

आठवीच्या वर्गाला ‘शॅल’ आणि ‘मे’ यांतला फरक शिकवायला दोन तास पुरतात. ‘शॅल’ म्हणजे करावंच लागेल आणि ‘मे’ म्हणजे वाटलं तर करू. चार उदाहरणं फळ्यावर लिहिली की मागच्या बाकावरच्या पोरांनाही कळतं. कळत नाही ते फळ्यावर लिहिणाऱ्यांना! परदेशातल्या शाळेचं ऑफर लेटर ईमेलमध्ये आलं की हीच इंग्रजीची शिक्षकमंडळी आठ पानं भराभर खाली सरकवत पगाराच्या आकड्यावर थांबतात, कॅल्क्युलेटर काढून रुपयांत गुणाकार करतात, शेवटच्या पानावर सही ठोकतात आणि पेढे आणायला निघतात. त्या आठ पानांत शाळेच्या वाट्याला सगळे ‘मे’ आणि आपल्या वाट्याला सगळे ‘शॅल’ आलेत, हे बघायला कुणालाही सवड नसते.

मंडळी, ही पोस्ट मी जरा चिडून लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की मी नऊ वर्षं अमिरातीत दोन भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवलं आणि आता पुण्यात परत आले आहे. त्यामुळे ‘तिकडची’ नोकरी मिळाली की लोक मला फोन करतात. फोन बहुतेक वेळा सही झाल्यावर येतो. म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका दाखवायची, त्यातला प्रकार.

या वेळी मात्र फोन सहीच्या आधी आला. माझी भाची नाशिकला एका खाजगी शाळेत शिकवते. एम. ए., बी. एड., सहा वर्षांचा अनुभव. तिला आखातातल्या एका शाळेची ऑफर आली. एकूण पगार महिना ५,००० दिरहम. त्यात बेसिक १,५०० आणि बाकीचे ३,५०० ‘अलाउन्स’ म्हणून, तेही शाळा ‘वेळोवेळी बदलू शकेल’ असे. राहण्याची सोय शाळा ‘करू शकेल’. शिकवण्याशिवाय ‘सोपवली जातील ती इतर कामं’ शिक्षिकेनं ‘केलीच पाहिजेत’. वर्षाच्या मध्ये सोडलं तर दोन महिन्यांचा पगार शिक्षिकेनं भरायचा. आणि उत्तर ४८ तासांत.

तिनं शाळेला एक मेल लिहिलं. तिनंच लिहिलं, मी फक्त वाचून बघितलं. सभ्य, आभार मानणारं, चार प्रश्नांचं. बेसिक एकूण पगाराच्या निम्मं तरी करता येईल का? राहण्याची सोय किंवा तिचा भत्ता नक्की असेल का? इतर कामांची आठवड्याला काही मर्यादा असेल का? आणि जुलै-ऑगस्टच्या सुट्टीचा पगार मिळेल का? तीन दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: आम्ही दुसऱ्या उमेदवाराचा विचार करत आहोत, शुभेच्छा.

झालं. तेव्हापासून आमच्या घरी मी खलनायिका आहे. ‘तुझ्या शहाणपणापायी पोरीची नोकरी गेली’ हे मोठ्या मामांनी, ‘मिळत होतं ते घ्यायचं ना गं’ हे काकूंनी, आणि ‘शिक्षकी पेशात इतकी घासाघीस शोभत नाही’ हे आणखी एका आदरणीय व्यक्तीनं मला ऐकवलं. तिघंही हा ब्लॉग वाचतात. म्हणून उत्तर इथेच देते. फोनवर मला मध्येच तोडतात.

*

आधी ‘शोभत नाही’चं बघू. ज्ञानदान, पवित्र पेशा वगैरे. मला सांगा, शाळा फी घेताना ज्ञानदान म्हणते का? दुबईत खाजगी शाळांना फी वाढवायची असेल तर केएचडीए नावाच्या सरकारी प्राधिकरणाच्या सूत्रात बसवूनच वाढवावी लागते. म्हणजे पवित्र कार्यात कोण किती पैसे मागणार हे ठरवायला तिथे सरकारी खातं बसवावं लागलं आहे. शाळा इमारतीच्या भाड्यावर, बसवाल्याशी, गणवेशवाल्याशी घासाघीस करते. ती करू नये अशी अपेक्षा फक्त फळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाकडून.

आणि ही अपेक्षा आपण इथूनच शिकून जातो. महाराष्ट्रात २००० साली शिक्षण सेवक योजना आली तेव्हा प्राथमिक शाळेतल्या शिक्षण सेवकाला तीन वर्षं महिना ३,००० रुपये मिळायचे. त्याला पगार म्हणायचं नाही, ‘मानधन’ म्हणायचं. ते १६,००० व्हायला २०२३ साल उजाडलं. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढलेली माणसं प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. खाजगी संस्थेत नोकरी लागावी म्हणून ‘देणगी’ दिलेली माणसंही आहेत, फक्त ती मोठ्यानं बोलत नाहीत. एका आकड्यावर सही आणि हातात दुसराच आकडा, हाही प्रकार कुणाला नवा नाही. ज्या माणसाला नोकरीसाठी उलट पैसे मोजायची सवय लावली आहे, त्याला फुकट आलेली ऑफर म्हणजे प्रसादच वाटणार. प्रसादात मीठ कमी आहे असं कोण म्हणतं?

पण तो प्रसाद नसतो हो. शाळेला शिक्षक हवा असतो. अमिरातीतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश आणि अमेरिकन अभ्यासक्रमाच्या ऑगस्टच्या अखेरीस. त्याच्या आधी वर्गावर माणूस उभा करायचा असतो, त्याची कागदपत्रं पुरी करून शिक्षण खात्याची मान्यता मिळवायची असते. ते गरजू, आपण गरजू. मग ताकाला जाऊन भांडं आपणच का लपवायचं?

*

आता ‘मिळत होतं ते’ म्हणजे नेमकं किती मिळत होतं, ते मोजू. काकू, हे तुमच्यासाठी. तुम्ही भिशीचा हिशेब तोंडी करता, त्यामुळे हे तुम्हाला सहज कळेल.

अमिरातीत २०२१ चा कामगार कायदा (३३ क्रमांकाचा, लागू झाला २ फेब्रुवारी २०२२ पासून) असं सांगतो की वर्षभर नोकरी झाली की सोडताना ग्रॅच्युइटी मिळते: पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार, त्यापुढे दर वर्षाला ३० दिवसांचा. यातली मेख अशी की हा पगार म्हणजे बेसिक. भत्ते त्यात धरत नाहीत. भाचीचं बेसिक १,५००. दिवसाला ५० दिरहम, २१ दिवसांचे १,०५०, पाच वर्षांचे ५,२५०. तेच बेसिक ३,००० असतं आणि एकूण पगार तोच ५,००० असता, तर पाच वर्षांनी १०,५०० मिळाले असते. दर महिन्याला हातात येणारी रक्कम दोन्हीकडे सारखीच. फरक ५,२५० दिरहमचा, आणि दिरहम आज वीस रुपयांच्या पुढे आहे. म्हणजे लाखावर रुपये, फक्त एका रकान्यातला आकडा दुसऱ्या रकान्यात लिहिल्यामुळे. जादा कामाचा मोबदला बेसिकवर निघतो. न घेतलेल्या रजेचे पैसेही बेसिकवरच निघतात. बेसिक लहान ठेवणारी शाळा या सगळ्याच ठिकाणी वाचवते, आणि तिच्यावर एक पैशाची कायदेशीर जबाबदारी येत नाही. पगाराची ही विभागणी दोघांच्या संमतीनं होते ना! संमती म्हणजे ती शेवटच्या पानावरची सही.

रुपयांतला गुणाकार हाही असाच एक चकवा. पाच हजार गुणिले वीस म्हणजे लाख, की घरात दिवाळी. पण भाडं दिरहममध्येच द्यायचं असतं. दुबई-शारजात घरमालक वर्षाच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच मागतो. कधी चार, कधी सहा, आणि पहिला चेक किल्ली घेतानाच. नवीन आलेल्या शिक्षिकेकडे इतके पैसे कुठून असणार? मग ती कुणाच्या तरी हॉलमध्ये प्लायवुडचं पार्टिशन टाकून राहते. ‘राहण्याची सोय शाळा करू शकेल’ या वाक्यातल्या ‘शकेल’ची किंमत ही आहे. भाचीनं विचारलेला दुसरा प्रश्न एवढ्याचसाठी होता.

सुट्टीच्या पगाराचंही तेच. जुलै-ऑगस्टमध्ये शाळा बंद असतात. करारात बारा महिन्यांचा पगार स्पष्ट लिहिलेला नसेल, किंवा करार जूनमध्ये संपवून सप्टेंबरमध्ये नवा द्यायची सोय ठेवलेली असेल, तर वार्षिक उत्पन्नाचा सहावा हिस्सा कागदावरून गेला. पाच हजारांचा पगार मग वर्षावर पसरून जेमतेम ४,१६७ होतो. हे विचारणं म्हणजे हाव का?

*

‘तिकडे गेल्यावर बघू’ हे वाक्य मी नऊ वर्षांत इतक्यांदा ऐकलं आहे की ते मराठी माणसाचं ब्रीदवाक्य असावं. गेल्यावर काय बघणार? गेल्यावर तुमचा व्हिसा त्या शाळेच्या नावावर असतो. इथली नोकरी तुम्ही सोडलेली असते. चेक दिलेले असतात. गावात सत्कार झालेला असतो. या सगळ्यानंतर तुम्ही प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन बेसिकबद्दल बोलणार, आणि ते ऐकणार? बोलणी करायची ताकद तुमच्याकडे एकदाच असते, ऑफर आल्यापासून सही होईपर्यंत. म्हणून तर ते ४८ तास देतात!

पहिल्या शाळेत माझ्याबरोबर रुजू झालेली एक केरळची मुलगी होती. करारातल्या ‘इतर कामां’मध्ये तिच्या वाट्याला सकाळची बस ड्यूटी आली. पावणेसहाला बसमध्ये, साडेतीनला बसमधून उतरायचं. वर आठवड्याला तीस तासिका आणि चारशे वह्या. तिनं तक्रार केली तेव्हा तिच्यासमोर तिचीच सही ठेवली गेली. मी माझ्या वेळी रुजू व्हायच्या आधीच मेलवर विचारून घेतलं होतं की इतर कामं म्हणजे काय आणि किती, आणि ‘आठवड्याला जास्तीत जास्त चार तास’ असं लेखी उत्तर घेतलं होतं. माझ्या आणि तिच्या हुशारीत काही फरक नव्हता. झालाच तर ती माझ्यापेक्षा चांगली शिकवायची. फरक त्या एका मेलचा होता.

बरं, कायदा अगदी मालकाच्याच बाजूचा आहे असंही नाही. वाचला तर आधार देतो. २०१६ पासूनचा नियम असा की आधी सही केलेलं ऑफर लेटर आणि नंतर मंत्रालयात नोंदवलेला करार जुळले पाहिजेत. बदल करायचा तर तो कामगाराच्या फायद्याचाच. ते ऑफर लेटर हिंदी, उर्दू, मल्याळम, तमिळ, बंगालीतही वाचायला मिळण्याची सोय आहे. भरतीचा खर्च मालकानं करायचा, कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा आडवळणानं वसूल करायचा नाही. पासपोर्ट काढून घ्यायचा नाही. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही आणि त्यातही काढायचं तर १४ दिवसांची लेखी नोटीस. एरवीची नोटीस ३० ते ९० दिवस. हे सगळं लिहिलेलं आहे. पण कायदा जमिनीइतका खाली असतो. त्याच्या वर किती उंचीवर राहायचं हे तुम्ही आणि शाळा बोलून ठरवता. मूल बरोबर नेणार असाल तर त्याच्या फीमध्ये सवलत, कुटुंबाचा आरोग्य विमा, डिग्रीवरच्या शिक्क्यांचा खर्च, राहण्याच्या भत्त्याची आगाऊ रक्कम... यांतलं पुष्कळसं शाळा देऊ शकते आणि मागितल्याशिवाय देत नाही.

आणि एक गोष्ट, आपल्या इंग्रजीच्या अभिमानावर पाणी ओतणारी. कराराच्या अरबी आणि इंग्रजी मजकुरात फरक निघाला तर अरबी खरा धरतात. तेव्हा ‘मला इंग्रजी येतं, मी वाचलं आहे’ एवढ्यावर भागत नाही. अरबी जाणणाऱ्या माणसाकडून बेसिक, मुदत आणि नोटीस हे तीन आकडे तरी ताडून घ्यावेत.

*

एजंट ‘आपल्यातला’ असतो, हा आणखी एक युक्तिवाद. मामांनी सुचवलेला एजंट त्यांच्या मित्राचा साडू आहे, म्हणून तो फसवणार नाही. फसवणार नाही हो, तो फक्त त्याचं काम करणार. त्याला पैसे सहीचे मिळतात, तुमच्या बेसिकचे नाही. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. त्याखाली भरती करणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी लागते आणि उमेदवाराकडून तो ३०,००० रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. नोंदणी आहे का हे ई-मायग्रेट पोर्टलवर घरबसल्या बघता येतं. ‘प्रोसेसिंग’ म्हणून लाख-दीड लाख मागणारा साडू असो की सख्खा भाऊ, त्याला नोंदणी क्रमांक विचारायचा. तो रागावला तर आपलं काम झालं.

तोच एजंट सांगेल की व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून घेऊ, सगळे असंच करतात. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे. परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाचा दंड २०२४ मध्ये वाढवून १ लाख ते १० लाख दिरहम केला आहे. इतका धोका पत्करून जी शाळा तुम्हाला व्हिजिट व्हिसावर बोलावते, ती पकडली जायची वेळ आली तर पहिल्यांदा कुणाला ओळखत नाही म्हणेल?

*

आता सगळ्यांत दुखणारा मुद्दा. हा कुणी उघड बोलत नाही, पण मनात असतो: ‘आपण कुठे नेटिव्ह स्पीकर? आपल्याला घेतात हेच खूप.’

जगात काही दारं खरंच बंद आहेत. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्यासाठी जो ई-२ व्हिसा लागतो तो मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. १ जानेवारी २०१० पासून भारत-कोरिया व्यापार करारामुळे अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीय शिक्षकांसाठी शाळांत सहायक म्हणून एक फट उघडली, पण दार नाही. तिथे बोलणी करून उपयोग नाही, ते सरकारचं धोरण आहे. पासपोर्ट बघतात, तुमचं इंग्रजी बघतच नाहीत. तेव्हा त्याचं शल्य आपल्या उच्चारांना लावून घ्यायचं कारण नाही.

पण ‘इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेला’ हे सत्य कधी झालं? १९६१ मध्ये युगांडातल्या माकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर परिषद झाली. तिथून हा विचार पुढे रुजला. रॉबर्ट फिलिपसन यांनी ‘लिंग्विस्टिक इम्पीरिअलिझम’ या १९९२ च्या पुस्तकात त्याला सरळ ‘फॅलसी’ म्हटलं, म्हणजे फसवा तर्क. इंग्रजी शिक्षकांची जागतिक संघटना टेसॉल हिनं २००६ मध्ये मातृभाषेवरून शिक्षकांत भेदभाव करण्याला लेखी विरोध नोंदवला. हे काही आमच्या स्टाफरूममधलं रडगाणं नाही.

आणि व्यवहारानं बघा. ज्या बाईनं स्वतः पाचवीत ए-बी-सी-डी गिरवली, ‘आय ॲम having’ छाप चुका केल्या, त्यातून बाहेर आली, तिला मुलाची चूक कुठून येते ते आतून माहीत असतं. ज्याला ती भाषा आईच्या मांडीवर मिळाली त्याला ‘असं म्हणतात’ एवढंच सांगता येतं. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात आवाज न चढवता व्याकरण शिकवलेली नाशिकची शिक्षिका कुणाच्याही उपकारावर विमानात बसत नाही. पासपोर्टावरून पगार ठरवणाऱ्या शाळा आहेत, हे मला नऊ वर्षं दिसत होतं. त्यांनी कमी आकडा पुढे करावा, हे त्यांचं. तो आकडा आपणच आधी मनात मान्य करून जावा, हे मात्र आपलं.

*

शेवटी मोठ्या मामांचा आरोप: नोकरी गेली.

गेली. हे मी नाकारत नाही. आणि हे गोड करूनही सांगणार नाही, की लगेच दुसरी, जास्त पगाराची ऑफर आली वगैरे. नाही आली. भाची नाशिकलाच आहे, त्याच शाळेत, घराचा हप्ता चालू आहे. बोलणी केली की कधीकधी ऑफर जाते. ज्यांच्या घरी दुसरं उत्पन्न नाही त्यांना हा धोका माझ्यासारख्या पेन्शनीच्या वयाच्या बाईनं हसत हसत सुचवू नये, हेही मला मान्य आहे. अशा वेळी सगळं न मागता एकच गोष्ट मागावी. माझ्या मते ती बेसिक असावी. आणि ‘नाही’ म्हटलं तर काय करायचं हे मेल पाठवायच्या आधी ठरवून ठेवावं. भाचीनं ठरवलं होतं. ती एकोणतीस वर्षांची आहे, घराचे हप्ते तिचे तीच भरते, आणि त्या शाळेत राहण्याच्या जागेची खात्री नसताना जायचं नाही हा निर्णय तिचा होता. आपण सगळे तिच्या वतीनं रडतो आहोत, ती नाही.

पण मामा, नेमकं काय गेलं ते तरी बघा. चार सभ्य प्रश्न. त्यांतल्या एकालाही उत्तर नाही. ‘बेसिक वाढवता येणार नाही, पण सुट्टीचा पगार देतो’ असं एका ओळीत लिहिता आलं असतं. चांगल्या शाळा तसं लिहितात, माझ्या दुसऱ्या शाळेनं लिहिलं होतं. मागितलेल्या पाच गोष्टींपैकी दोन दिल्या, तीन नाकारल्या, आणि मी आनंदानं गेले. ज्या शाळेला सही व्हायच्या आधी, सगळ्यांत गोड बोलायच्या दिवसांत, सुट्टीच्या पगाराचा प्रश्न सहन झाला नाही, तिथे ऑक्टोबरमध्ये ही मुलगी तापानं फणफणून रजा मागायला गेली असती तर काय उत्तर मिळालं असतं? मुलाखतीत शाळा आपल्याला तपासते. शाळेला तपासायची आपली मुलाखत म्हणजे ही बोलणी. त्यात ती शाळा नापास झाली. नापास होणाऱ्याला आपण एरवी काय करतो?

असो. बरंच लांबलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरात असं ऑफर लेटर आलेलं असेल तर एवढं करा. प्रिंट काढा. लाल पेनानं प्रत्येक ‘मे’ला गोल करा, निळ्यानं प्रत्येक ‘शॅल’ला. लाल गोल कुणाच्या बाजूला आणि निळे कुणाच्या, ते मोजा. मग त्यांतले तीन लाल गोल निवडा, जे निळे झाल्याशिवाय तिथे राहणं अवघड आहे, आणि तेवढ्यांविषयी शाळेला मेल लिहा. फोनवर बोलू नका, मेलच लिहा. इंग्रजी चांगलं आहे ना आपलं? मग ते वापरायची हीच वेळ आहे.

पेढे नंतर आणा.